लॉजचा १०.२५ इंची बिडाचा स्किलेट: कॉर्नब्रेडला पैकीच्या पैकी, कोलार्डला शून्य

सरळ सांगतो, हा रिव्ह्यू त्यांच्यासाठी आहे ज्यांना घरी सदर्न, म्हणजे अमेरिकेच्या दक्षिणेकडच्या पद्धतीच्या साइड डिशेस करायच्यात, म्हणजे कॉर्नब्रेड (मक्याच्या पिठाचा ब्रेड), फ्राइड ओक्रा, फ्राइड कॉर्न, ग्रिट्स (मक्याच्या भरड्याची लापशी), ग्रीन्स (कोलार्डसारख्या पालेभाज्या) वगैरे, आणि त्यासाठी हा स्किलेट, म्हणजे कड असलेला जाड तवा, घ्यावा का असा प्रश्न पडलाय. स्टेकसाठी तो कसा आहे, पिझ्झ्यासाठी कसा आहे याचे रिव्ह्यू ढिगाने पडलेत, ते वाचा, मी त्यात पडत नाही. आम्ही जॉर्जियात राहतो आणि इथे मेन डिश काय वाट्टेल ती असो, लोकांचा जीव अडकलेला असतो साइड्समध्ये. 'मीट अँड थ्री' म्हणून खानावळी असतात, एक मांसाचा पदार्थ आणि फळ्यावरच्या यादीतून कुठल्याही तीन साइड्स, आणि त्या यादीत भाज्यांच्या रांगेत मॅक अँड चीज पण बसलेलं असतं बिनधास्त. त्यावर कोणी हसत नाही.

तर स्किलेट. लॉज कंपनी टेनेसीतल्या साउथ पिट्सबर्ग नावाच्या छोट्या गावातली, चॅटनूगाच्या पश्चिमेला. जोसेफ लॉज यांनी १८९६ साली फाउंड्री काढली तेव्हा तिचं नाव ब्लॅकलॉक होतं, १९१० ला ती जळाली, मग तिथून जवळच लॉज नावाने पुन्हा उभी राहिली आणि अजून त्याच गावात ओतकाम चालू आहे. १९९७ पासून त्याच गावात एप्रिलमध्ये नॅशनल कॉर्नब्रेड फेस्टिवल भरवतात. त्यामुळे या भांड्याबद्दल बोलायचं तर कॉर्नब्रेडपासूनच बोलावं लागतं, पण आधी भांडं कसं आहे ते उरकून घेऊ.

वजन साधारण ५ पाउंड. रिकामा असताना. भरलेला स्किलेट एका हाताने ओव्हनमधून काढायचा विचारही करू नका, समोरच्या बाजूला एक छोटा कान दिलाय तो त्यासाठीच आहे, दोन्ही हातांत जाड मिट घालून उचलायचा. हँडल पण त्याच लोखंडाचं, एकसंध ओतलेलं, त्यामुळे ते भांड्याइतकंच तापतं आणि मुख्य म्हणजे तापलंय हे दिसत नाही. हँडलवर चढवायचा सिलिकॉनचा किंवा कापडी होल्डर वेगळा मिळतो, तो त्याच ऑर्डरमध्ये मागवून टाका, नंतर बघू म्हणू नका. दोन्ही बाजूंना तेल ओतायला चोची आहेत, त्या चांगल्या आहेत, उरलेलं तेल बऱ्यापैकी न सांडता निघतं. किंमत वीस-पंचवीस डॉलरच्या आसपास, सेलमध्ये अजून कमी. ज्यांच्या घरी बिडाचा तवा होता त्यांना या भांड्याचा स्वभाव वेगळा समजवायला नको, उशिरा तापतं आणि एकदा तापलं की लवकर निवत नाही, फक्त याला कड आहे आणि हा ओव्हनमध्ये जातो.

आतला पृष्ठभाग हात फिरवला की थोडा दाणेदार लागतो. वाळूच्या साच्यात ओततात त्याची ती खूण. पूर्वी ग्रिसवोल्ड, वॅग्नर वगैरे कंपन्या ओतल्यानंतर आतून घासून गुळगुळीत करायच्या आणि म्हणून लोक अजून ते जुने स्किलेट इस्टेट सेलमध्ये (घरातलं जुनं सामान विकतात तिथे) शोधत फिरतात आणि चांगले पैसे मोजतात. खरं सांगू का, अंड्याचं ऑम्लेट करायचं असेल तर गुळगुळीत पृष्ठभागाचा फायदा आहे, मान्य. पण कॉर्नब्रेडला आणि तळणीला काडीचा फरक पडत नाही, आणि हा रिव्ह्यू ऑम्लेटचा नाही. जुना घ्यायचाच असेल तर दोन गोष्टी बघा, सपाट ओट्यावर ठेवून डुगडुगतो का, आणि बोटाच्या पेराने वाजवला की घंटेसारखा खणखणतो का, बद्द आवाज आला तर कुठेतरी तडा आहे. आणि लेड टेस्ट किट मिळतं ते वापरा, कारण जुन्या काळी काही लोक अशाच स्किलेटमध्ये शिसं वितळवून बंदुकीच्या गोळ्या आणि मासेमारीची वजनं ओतायचे. हे नव्या स्किलेटमध्ये कटकटच नाही.

सीझनिंगबद्दल नवीन लोक उगाच घाबरतात. लॉज २००२ पासून कारखान्यातच तेलाचा थर भाजून देतं, त्यामुळे आणला, धुतला, पुसला आणि वापरला असं करता येतं. हा थर म्हणजे तेल जास्त तापून लोखंडावर कडक पापुद्रा बनून बसतं, तो तेलकट नसतो. पण तो कारखान्याचा थर सुरुवातीपुरता. खरा काळा कुळकुळीत पृष्ठभाग वापरून येतो, आणि इथे सदर्न स्वयंपाकाचा फायदा असा की या साइड्स इतक्या तेला-तुपाच्या आहेत की तुम्ही जेवण बनवता बनवता भांडं आपोआप तयार होत जातं. वेगळं सीझनिंग करायचंच असेल तर तेलाचा हात फिरवा आणि मग तेल लावलंच नव्हतं असं समजून सगळं पुसून टाका, आणि ४५० डिग्री फॅरनहाइटला उलटा ठेवून तासभर भाजा, ओव्हनमध्येच निवू द्या. तेल जाड राहिलं तर चिकट राडा होतो, जो मग कितीही धुवा, बोटाला लागतच राहतो.

आता कॉर्नब्रेड. इथे हा स्किलेट शंभर टक्के पैसे वसूल आहे आणि मी म्हणेन की काचेच्या किंवा अ‍ॅल्युमिनियमच्या ट्रेमध्ये केलेला कॉर्नब्रेड हा वेगळाच पदार्थ आहे, वाईट नाही, पण वेगळा. कारण सगळी गंमत खालच्या आणि कडेच्या पापुद्र्यात आहे आणि तो पापुद्रा ओव्हनमध्ये बनत नाही, मिश्रण भांड्यात पडतं त्या पहिल्या काही सेकंदांत बनतो. रिकामा स्किलेट ४५० डिग्रीला ओव्हनमध्ये तापत ठेवायचा, कॉर्नब्रेड भाजायच्या आधी, मिश्रण कालवायच्याही आधी. तापला की त्यात पाव वाटीभर फॅट. इथले लोक बेकन ड्रिपिंग्ज, म्हणजे बेकन भाजताना सुटलेली चरबी, घालतात, सिंकशेजारी त्याची बरणी भरलेली असते, आम्ही घरात बेकन करत नाही त्यामुळे तूप घालतो. लोणी घातलं तर त्यातला दुधाचा भाग एवढ्या तापमानाला करपतो, तूप करपत नाही, आणि कडेला जो खमंग वास सुटतो ना, तो बघून शेजारच्या बाईंनी पण विचारलं की यात काय घातलंस.

या शेजारच्या बाई सत्तरी ओलांडलेल्या, मूळच्या अलाबामाच्या, इथल्या रीतीप्रमाणे मी त्यांना पहिल्या नावाआधी 'मिस' लावून हाक मारतो आणि त्या मला 'बेबी' म्हणतात, इथे सगळ्यांनाच म्हणतात, त्यात विशेष काही नाही. त्यांची कसोटी एकच. चमच्याच्या टोकावरून मिश्रणाचा एक थेंब गरम फॅटमध्ये टाकायचा. चर्र झालं, थेंबाच्या कडेला बुडबुड्यांची झालर आली आणि तो लगेच सोनेरी व्हायला लागला तरच बाकीचं ओतायचं. नाहीतर "बेबी, परत ठेव ते," आणि स्किलेट परत ओव्हनमध्ये. त्या स्वतः कप-चमचे काही मोजत नाहीत, म्हणून माप माझं देतो: दोन कप साधं पांढरं कॉर्नमील (मक्याचं भरड पीठ), एक चमचा मीठ, एक चमचा बेकिंग पावडर, अर्धा चमचा सोडा, दोन अंडी, आणि साधारण दोन कप बटरमिल्क, थोडं कमी घेऊन अंदाजाने वाढवा. चमचा म्हणजे टीस्पून. तापलेल्या स्किलेटमधलं बरंचसं फॅट मिश्रणात ओतायचं, हलवायचं, आणि ते मिश्रण परत स्किलेटमध्ये. २० ते २५ मिनिटं. बाहेर काढल्यावर लगेच थाळीवर उलटा करा, स्किलेटमध्ये राहू दिला तर वाफेने तोच कुरकुरीत बूड लिबलिबीत होतो आणि मग एवढा खटाटोप कशासाठी केला.

बटरमिल्क दुकानातलंच घ्या, ते घट्ट आणि बऱ्यापैकी आंबट असतं, आपण जेवणावर पितो तसलं पातळ ताक घातलं तर मिश्रण सैल होतं. नसेलच तर दही आणि दूध एकत्र फेटून चालतं. कॉर्नमील घेताना पाकीट नीट वाचा, 'सेल्फ-रायझिंग कॉर्नमील मिक्स' असेल तर त्यात बेकिंग पावडर, मीठ आणि बहुतेक वेळा थोडं गव्हाचं पीठही आधीच असतं, वरून आपण पुन्हा घातलं तर चव बिघडते. आणि साखर. बाबांनो, साखर. उत्तरेकडे कॉर्नब्रेड पिवळ्या मक्याचा, अर्ध्याहून जास्त मैद्याचा आणि गोड करतात, तो केकच म्हणा. दक्षिणेत जुन्या पद्धतीत पांढरा मका, मैदा नाही किंवा नावाला, आणि साखर नाही. दक्षिणेतही साखर घालणारी घरं आहेतच, त्यावरून लोक वाद घालताना मी पाहिलेत आणि त्यात कधीच कोणी हरत नाही. माझं मत विचाराल तर साखर नको, कारण हा ब्रेड ग्रीन्सच्या रश्श्यात बुडवायचा असतो आणि तिथे गोड चव आडवी येते.

आता ओक्रा म्हणजे भेंडी. फ्राइड ओक्रा रेस्टॉरंटमध्ये बऱ्याच ठिकाणी फ्रोजन पाकिटातला येतो, जाड ब्रेडिंगच्या आत भेंडी कुठेतरी हरवलेली. घरी केला तर भेंडी अर्ध्या इंचाच्या चकत्या करून बटरमिल्कमध्ये घोळवायची, मग कॉर्नमील, मीठ, मिरपूड, थोडी केयेन मिरची यात लोळवायची, आणि स्किलेटमध्ये अर्धा इंच तेल तापवून थोडी थोडी तळायची. बिडाचा फायदा इथे स्पष्ट कळतो, पातळ भांड्यात गार भेंडी पडली की तेलाचं तापमान धाडकन पडतं आणि ती तेल पिते, इथे लोखंडात एवढी उष्णता साठलेली असते की तेल फारसं निवत नाही. तेल ३५० ते ३७५ डिग्रीच्या मध्ये ठेवा. एक अजून घरगुती प्रकार आहे जो मला खरं तर जास्त आवडतो, यात तेल कमीच, भेंडीला नुसतं कॉर्नमील आणि मीठ चोळायचं आणि मध्यम आचेवर स्किलेटमध्ये परतत राहायचं, कॉर्नमील काही भेंडीला चिकटतं, काही सुटून खाली कुरकुरीत चुरा होतो, दिसायला अगदी विस्कटलेलं, पण तो चुरा खरवडून खायला आमच्या घरी भांडणं. ही भेंडी चिकट होत नाही, फक्त झाकण ठेवू नका आणि ओली भेंडी चिरू नका, पण हे मराठी माणसाला मी काय सांगणार.

भेंडी मुळात आफ्रिकेतून आली, ब्लॅक-आइड पीज म्हणजे आपली चवळी पण तिकडचीच, मका इथल्या मूळ रहिवाशांचा, आणि हे सगळं एका ताटात आणणारे हात बऱ्याच अंशी गुलामगिरीतल्या स्वयंपाकघरांतले. मॅक अँड चीज अमेरिकेत रुजवण्याचं श्रेय बरेच लोक ज्यांना देतात ते जेम्स हेमिंग्ज, पुढे अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष झालेल्या थॉमस जेफरसनचे गुलाम, पॅरिसमध्ये शेफचं शिक्षण घेऊन आलेले. हे माहीत असलं की 'कम्फर्ट फूड' वगैरे शब्द जरा जपून वापरावेसे वाटतात. असो.

फ्राइड कॉर्न हा प्रकार माझ्या मते सगळ्यात कमी बोलला जाणारा आणि या स्किलेटमध्ये सगळ्यात सोपा. नाव फ्राइड पण तळत नाहीत. ताजी कणसं घ्या, सुरीने दाणे फक्त वरून अर्धे कापा, आणि मग सुरीची बोथट पाठ कणसावर जोरात खाली ओढा, दाण्यांचं उरलेलं दूध बाहेर येतं, पांढरं, दाट, हातभर उडतं, त्यामुळे खोलगट भांड्यात उभं धरून करा. ते सगळं दाण्यांसकट लोण्यात मध्यम आचेवर टाकायचं, मीठ, मिरपूड, लागलं तर दोन चमचे पाणी. ते दूध स्वतःच घट्ट होतं, क्रीम घालायची काहीच गरज नाही. दहा-पंधरा मिनिटांत होतं. फ्रोजन दाण्यांचं करू नका, त्यात ते दूध मिळत नाही आणि मग लोक कॉर्नस्टार्च घालतात आणि ते तसलंच लागतं.

हिरव्या कच्च्या टोमॅटोचे काप कॉर्नमीलमध्ये घोळवून तळतात तेही यात छान होतात. टोमॅटो आंबट असला तरी काप काही मिनिटांचेच पाहुणे असतात आणि मध्ये पिठाचा थर असतो, त्यामुळे सीझनिंगला काही होत नाही. फक्त कापांना मीठ लावून थोडा वेळ ठेवा आणि सुटलेलं पाणी टिपून घ्या.

आणि आता ज्यासाठी हा स्किलेट वापरू नये ते. कोलार्ड ग्रीन्स. नेटवर फोटो असतात काळ्या स्किलेटमध्ये हिरवीगार भाजी, वर लिंबाची फोड, दिसतं सुंदर, पण कोलार्ड पाऊण तास ते तासभर पाण्यात रटरटत शिजवतात आणि त्यात व्हिनेगर पडतं. आंबट पदार्थ असा जास्त वेळ लोखंडात उकळला की सीझनिंगचा थर सुटतो आणि भाजीला लोखंडी चव येते. शिवाय एका वेळची जुडीच एवढी मोठी असते की १० इंची स्किलेटमध्ये ती मावत नाही. स्टीलचं मोठं पातेलं किंवा इनॅमल लावलेलं डच ओव्हन (झाकणाचं जाड, खोल पातेलं) घ्या, विषय संपला. पिंटो बीन्स, चवळी, सगळ्या रश्श्याच्या साइड्सना हेच लागू.

ग्रीन्सवर थोडं जास्त लिहितो, कारण शाकाहारी लोकांची खरी फसगत इथे होते. दक्षिणेत 'व्हेजिटेबल प्लेट' नावाची थाळी मिळते, चार साइड्स, मांस नाही. नाव वाचून मी एका खानावळीत आनंदाने मागवली, तर कोलार्डमध्ये गुलाबी तुकडे. विचारलं तर वाढणाऱ्या बाई अगदी मनापासून म्हणाल्या, "ते मांस नाही हनी, ते सीझनिंग आहे." त्यांच्या बाजूने ते खरंच आहे, ग्रीन्समध्ये स्मोक्ड हॅम हॉक (डुकराच्या पायाचा तुकडा) किंवा स्मोक्ड टर्कीचा तुकडा घालतात तो चवीसाठी, ग्रीन बीन्समध्ये बेकन, कोबीत बेकन, बीन्समध्ये फॅटबॅक, म्हणजे डुकराच्या पाठीची चरबी. म्हणजे जे मांस खात नाहीत त्यांनी इथे विचारल्याशिवाय हिरव्या पानालाही हात लावू नये, आणि खायचंच असेल तर घरी करावं. घरी मी करतो ते असं: पानं मधला जाड देठ काढून तीन पाण्यांतून धुवायची, कारण कोलार्डच्या पानांच्या घडीत वाळू बसलेली असते, एका पाण्यात ती जात नाही. पानं एकावर एक रचून गुंडाळी करायची आणि बोटभर रुंद पट्ट्या कापायच्या. तेलात बराच कांदा, लसूण, लाल मिरचीचे फ्लेक्स, भरपूर स्मोक्ड पॅप्रिका, मग पानं आणि पाणी किंवा भाजीचा स्टॉक, मीठ, झाकण, मंद आच. धुराचा वास पॅप्रिकाने येतो, अजून हवा असेल तर लिक्विड स्मोकचे दोन-तीन थेंब, जास्त नको, नाहीतर कॅम्पफायरजवळ झोपल्यासारखं लागतं. व्हिनेगर अगदी शेवटी. थंडीत पहिलं दव गोठून गेल्यावरची पानं जास्त गोडसर असतात, उन्हाळ्यातली कडवट, हे बाजारात लक्षात ठेवा.

उरलेला जो हिरवा-तपकिरी रस्सा, त्याला पॉटलिकर म्हणतात आणि तो ओतून दिला तर इथले लोक तुमच्याकडे बघतील. त्यात कॉर्नब्रेड. बुडवून की कुस्करून यावर १९३१ साली लुइझियानाचे गव्हर्नर ह्युई लाँग आणि अटलांटा कॉन्स्टिट्यूशन वर्तमानपत्राचे संपादक ज्युलियन हॅरिस यांच्यात जाहीर वाद झाला होता, लाँग म्हणायचे बुडवा, हॅरिस म्हणायचे कुस्करा, आणि वर्तमानपत्रांनी तो कितीतरी दिवस चालवला. मी कुस्करणाऱ्यांतला. स्किलेटमधला कडक कडेचा तुकडा कुस्करला की त्याचे काही भाग मऊ होतात आणि काही दाताखाली कुरकुरतात, बुडवला तर सगळंच एकसारखं ओलं होतं. नवीन वर्षाच्या पहिल्या दिवशी इथे चवळी, कोलार्ड आणि कॉर्नब्रेड करतातच, हिरवी पानं म्हणजे नोटा, कॉर्नब्रेड म्हणजे सोनं असा समज आहे, आम्ही पण करतो, नोटांचं काय ते देव जाणे.

ग्रिट्स पण स्किलेटमध्ये शिजवू नका, उथळ भांड्यात पाणी पटकन उडतं आणि तळ धरतो. स्टोन-ग्राउंड ग्रिट्स घ्या, एकास चार पाणी, वर तरंगणारा कोंडा काढून टाका, मीठ आधीच घाला, आणि पाऊण तास तरी मंद आचेवर ढवळत राहा. पाच मिनिटांचे इन्स्टंट ग्रिट्स म्हणजे खळ. पण उरलेले ग्रिट्स ताटलीत थापून फ्रिजमध्ये ठेवले तर दुसऱ्या दिवशी वड्या पडतात, आणि त्या वड्या थोड्या तेलात स्किलेटमध्ये परतल्या की बाहेरून कडक आतून मऊ, त्यासाठी मात्र स्किलेटच हवा. वडी टाकली की हलवू नका, कडक झाली की स्वतःहून सुटते, घाई केली तर अर्धी खालीच राहते.

मॅक अँड चीज यात भाजायला चालतं, कडा छान होतात, पण सदर्न पद्धतीचं म्हणजे अंडी आणि इव्हॅपोरेटेड मिल्क घालून कस्टर्डसारखं जमवलेलं असेल तर मला काचेच्या ट्रेमध्ये जास्त मऊ जमतं. आणि काहीही केलं तरी उरलेलं अन्न या स्किलेटमध्ये ठेवून फ्रिजमध्ये टाकू नका.

धुण्याबद्दल. साबण चालतो. पूर्वी साबणात कॉस्टिक असायचं, त्याने थर जायचा, त्यातून ते 'साबण लावायचा नाही' आलंय, आताच्या डिशवॉश लिक्विडच्या एका थेंबाने काही होत नाही. न चालणाऱ्या गोष्टी म्हणजे पाण्यात भिजत ठेवणं आणि डिशवॉशर. धुतला की लगेच पुसा, बर्नरवर दोन मिनिटं ठेवून पूर्ण कोरडा करा, तेलाचा पुसटसा हात फिरवा. गंज आलाच तर स्टील वूलने घासून परत सीझन करा, भांडं वाया जात नाही. काचेच्या टॉपची शेगडी असेल तर स्किलेट उचलून ठेवायचा, सरकवायचा नाही, ओरखडे पडतात. आणि शेगडीवर तापवताना एकदम फुल आच नको, बर्नरच्या वरचा भाग आधी तापतो आणि कडा गारच राहतात, मध्यम-मंद आचेवर पाच-सात मिनिटं द्या.

साइझचं विचाराल तर चार माणसांना १०.२५ इंचीच. ८ इंची दोघांच्या कॉर्नब्रेडला ठीक आहे पण त्यात भेंडी तळायची म्हणजे दहा वेळा घाणा काढावा लागतो. १२ इंची दिसायला भारी पण वजन ८ पाउंडाच्या आसपास जातं आणि सगळ्या घरगुती बर्नरवर तो नीट तापतही नाही. झाकण सोबत येत नाही, वेगळं विकतात, आणि या पदार्थांना ते जवळपास लागत नाही. फ्राइड कॉर्नला शेवटी दोन मिनिटं वाफ द्यायची असते तेव्हा मी घरातली स्टीलची थाळी उलटी ठेवतो, बसते बरोबर.